‘करून पहा’ म्हणजे पाठ करा नव्हे

बालभारतीच्या सहावी, सातवी, आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांत जागोजागी एक मथळा येतो, ‘करून पहा’. त्याखाली एखादा साधा प्रयोग दिलेला असतो. साहित्यही साधेच, मेणबत्ती, ग्लास, लिंबू, हळद, चुंबक, दोरा. उर्दू माध्यमाच्या मुलांना हीच पुस्तके उर्दूत मिळतात. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांनी त्यांचे काम केलेले आहे. पुढे वर्गात काय होते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सर किंवा बाई फळ्यावर साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार शब्द लिहितात, खाली चार-चार ओळी देतात आणि मुले त्या वहीत उतरवून घेतात. मेणबत्ती पेटलेली नसते, लिंबू कापलेले नसते, पण ‘निरीक्षण’ मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते.

जे पाहिलेच नाही त्याचे निरीक्षण लिहिणे याला साध्या भाषेत खोटी साक्ष म्हणतात. आपल्या घरांत झूठी गवाही हा किती मोठा गुनाह मानला जातो हे मुस्लिम वाचकांना सांगायला नको. अकरा-बारा वर्षांच्या पोराला आपण शाळेत बसवून दर आठवड्याला तेच करायला लावतो आणि वर त्याला बरोबरची खूण देतो.

माझे म्हणणे सरळ आहे. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामुलीला आठवड्यातून किमान दोन तास प्रयोगशाळेत, स्वतःच्या हाताने काम करायला मिळाले पाहिजे. दहावीनंतर नाही, अकरावी सायन्सला प्रवेश घेतल्यावर नाही, आत्ता. प्रयोगशाळा या शब्दाला घाबरायचे कारण नाही. पाणी, टेबल, उजेड, कुलूप नसलेले कपाट आणि चुकले तर न ओरडणारा शिक्षक, एवढे असले की पुरे. हे सगळ्याच शाळांना लागू आहे. पण मी आज मुद्दाम आपल्या, म्हणजे मुस्लिम मुलांच्या आणि मुस्लिम संस्थांच्या शाळांबद्दल बोलणार आहे, कारण शेजाऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवायला आपल्याकडे बरेच लोक मोकळे आहेत.

सहावी ते आठवीच का? कारण हे वय ‘असे का?’ विचारण्याचे शेवटचे मोकळे वय आहे. नववीपासून बोर्डाची धास्ती सुरू होते, मग सीईटी आणि नीटची. त्या गदारोळात कुणी प्रयोगासाठी प्रयोग करत नाही. आणि आपल्या समाजात या वयाला आणखी एक अर्थ आहे. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते की सहा ते चौदा वयातली सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच बाहेर पडली होती. मुलगा सातवी-आठवीत गॅरेजवर किंवा लूमवर जाऊ लागतो, मुलीची शाळा गावात संपते म्हणून तिची शाळाच संपते. म्हणजे अनेकांसाठी आठवी ही तयारीची पायरी नसते, तोच मुक्काम असतो. विज्ञानाशी हात लावून भेट व्हायची तर ती त्याआधी व्हायला हवी. ‘अकरावीला प्रॅक्टिकल असतेच की’ असे सांगणारा माणूस अकरावीपर्यंत न पोहोचणाऱ्यांना हिशेबातच धरत नाही.

इथे एक गैरसमज बाजूला करून टाकू. मुस्लिम शिक्षणाचा विषय निघाला की चर्चा हमखास मदरशावर जाते. टीव्हीवरचे पाहुणे मदरशात कॉम्प्युटर मागतात, आपले पुढारी मदरशाचा बचाव करतात आणि वेळ संपते. त्याच सच्चर अहवालानुसार शाळेच्या वयातली फक्त सुमारे चार टक्के मुस्लिम मुले मदरशात शिकतात. बाकीची जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, अनुदानित आणि खासगी शाळांत आहेत, मराठी, उर्दू, आता इंग्रजी माध्यमातही. त्या शाळांच्या विज्ञानाच्या तासाबद्दल कुणी जलसा भरवल्याचे मी ऐकलेले नाही.

जलसे मात्र भरतात. त्यात वक्ते इब्न अल-हैसमचे नाव घेतात, जाबिर बिन हय्यानचे घेतात, अल-ख्वारिज्मीचे घेतात. युरोप अंधारात होता तेव्हा आम्ही कसे उजेडात होतो हे सांगताना आवाज चढतो, टाळ्या पडतात. मला या नावांचा अभिमान नाही असे नाही. पण हा अभिमान ज्या शाळेच्या मैदानावर मांडव घालून साजरा होतो, त्या शाळेत साधे भिंग नसते, हे मला पचत नाही.

इब्न अल-हैसमने नेमके काय केले ते तरी बघा. बसऱ्यात जन्मलेला हा माणूस कैरोत राहून अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘किताब अल-मनाझिर’ लिहीत होता. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमीसारखे मोठमोठे ग्रीक विद्वान सांगून गेले होते. त्याने ते मान्य केले नाही, आणि नुसता वादही घातला नाही. त्याने अंधाऱ्या खोलीला एक छिद्र ठेवले, बाहेर वेगवेगळ्या जागी दिवे लावले. आत तितकेच उजेडाचे ठिपके दिसले. एक दिवा झाकला की एक ठिपका नाहीसा, दिवा उघडला की ठिपका परत. म्हणजे प्रत्येक दिव्याचा उजेड सरळ रेषेत आला, छिद्रातून पार झाला आणि एकमेकांत मिसळला नाही. हा प्रयोग तीन मेणबत्त्या, एक पुठ्ठा आणि एक भिंत एवढ्यावर होतो. खर्च पंचवीस-तीस रुपये. सातवीच्या वर्गात अर्ध्या तासात होतो. हैसमच्या नावाने तासभर भाषण देणाऱ्या एकाही वक्त्याने श्रोत्यांसमोर तीन मेणबत्त्या पेटवल्याचे मी पाहिलेले नाही. वारसा सांगायचा असेल तर तो मेणबत्तीने सांगावा. मुलांना हेही कळू द्यावे की त्याची खरी कमाई वडीलधाऱ्यांवर शंका घेण्याची हिंमत ही होती. कदाचित म्हणूनच आपण प्रयोग टाळून नाव तेवढे घेतो.

आता सरकारी बाजू. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. दहा लाख उभारणीला आणि उरलेले पुढच्या काही वर्षांच्या खर्चाला. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच. देशभरात अशा दहा हजार लॅब झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. कल्पना चांगली आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण सुरुवातीच्या नियमांत शाळेकडे सर्वसाधारणपणे दीड हजार चौरस फूट जागा असावी अशी अट होती. मोहल्ल्यातल्या ज्या उर्दू शाळेत एका खोलीत दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसतात, तिने दीड हजार फूट कुठून आणायचे? अशा अटींवर मोठ्या शाळाच पात्र ठरतात. ज्यांच्याकडे आधीच होते त्यांना आणखी मिळते.

आणि जिथे मिळते तिथेही काय होते? मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आपल्याच लोकांच्या संस्थेत मला पाहुणा म्हणून बोलावले होते. लॅब पाहायची इच्छा सांगितल्यावर किल्ली शोधण्यात वीस मिनिटे गेली. आत रोबोटिक्सचे खोके होते, बहुतेकांचे सील शाबूत. भिंतीवर अब्दुल कलामांचा मोठा फोटो. मी विचारले, मुले वापरतात का? सदरसाहेब म्हणाले, “मुले मोडून टाकतील ना साहेब. इन्स्पेक्शनला दाखवायला नको का?” हे ते लाजत नव्हे, जबाबदारीच्या सुरात सांगत होते. माझ्याबरोबर आठवीतला एक मुलगा आत आला होता. तो त्या खोलीत पहिल्यांदाच पाय ठेवत होता, आणि त्याने हात मागे बांधून ठेवले होते. वस्तुसंग्रहालयात ठेवतात तसे.

भिंतीवरच्या त्या कलामांचीच गोष्ट त्यांनी शेकडो वेळा सांगितलेली आहे. रामेश्वरमच्या शाळेत शिवसुब्रमण्य अय्यर नावाचे शिक्षक पक्षी कसा उडतो ते फळ्यावर शिकवत होते. मुलांना कळले नाही. त्यांनी वर्ग उठवला आणि समुद्रकिनाऱ्यावर नेला, उडणारे पक्षी दाखवले. वीस लाखांचे अनुदान नव्हते. शिक्षकाला वर्ग उठवायची मोकळीक होती आणि मुलांना कळले नाही हे त्याला मान्य करता आले.

पैसे नाहीत, ही तक्रार म्हणूनच मला अर्धीच खरी वाटते. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा खेड्यांतल्या शाळांत एक उपक्रम सुरू झाला. वर्ग नेमके हेच, सहावी, सातवी, आठवी. किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने तो सुरू केला, पुढे एकलव्य संस्थेने सांभाळला. चार-चार मुलांचा गट, प्रत्येक गटाला स्वस्त साहित्य, आणि ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तके, ज्यांत प्रश्न होते पण तयार उत्तरे नव्हती. उत्तर प्रयोग करून काढायचे. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची परवानगी, शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा. शेतकऱ्यांची, आदिवासींची मुले हे करत होती. तीस वर्षे हे चालले आणि २००२ साली राज्य सरकारने ते बंद केले. मुलांना जमत नव्हते म्हणून नव्हे. जे मोठ्यांना सोयीचे नसते ते टिकत नाही, हा आपला जुना नियम आहे.

त्याच होशंगाबादच्या कामात एक तरुण इंजिनिअर टेल्कोतून रजा काढून गेला होता, अरविंद गुप्ता. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून त्यांनी भूमितीचे आकार बनवले, पुढे पुण्याच्या आयुकात बसून कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. त्यांचे साहित्य मराठीत आहे, फुकट आहे. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांनी कागदाची घडी घालून सूक्ष्मदर्शक केला, फोल्डस्कोप. त्यातून कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी स्वच्छ दिसतात. एका ईद-मिलनच्या बिर्याणीच्या खर्चात किती वर्गांना हे साहित्य येईल याचा हिशेब संस्थाचालकांनी स्वतः करावा. मी केला तर त्यांना राग येईल.

खरी अडचण पैशांची नाही, हाताची आहे. हाताने काम करणे आपल्याला कमीपणाचे वाटते. आणि विनोद असा की महाराष्ट्रातला मुस्लिम समाज मुख्यतः हाताने काम करणाऱ्यांचाच आहे. पिंजारी, शिकलगार, अत्तार, मोमीन, तांबोळी, मणियार ही आपली नावे आहेत. शिकलगाराला पोलाद किती तापवायचे, कधी पाण्यात बुडवायचे हे रंगावरून कळते. अत्ताराच्या बाजूला ऊर्ध्वपातनाचे पिढीजात ज्ञान आहे, ज्याच्या भांड्याला अरबीत अंबीक म्हणत. मालेगाव-भिवंडीच्या पोराला धोटा अडकला की कुठे हात घालायचा ते यंत्राच्या आवाजावरून समजते. गॅरेजवरचा बारा वर्षांचा मुलगा मोटरचे वाइंडिंग उलगडतो, तारेचे वेढे मोजतो, आणि शाळेत विद्युतचुंबकाच्या धड्यावर नापास होतो. यात नापास कोण झाले?

कल्हईचेच उदाहरण घ्या. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवतो आणि भांडे चांदीसारखे होते. तो धूर कसला? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. त्यातले हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकते, म्हणून कथील धरते. उरलेले वायू वर जाऊन थंड झाले की पुन्हा एकत्र येतात, तोच पांढरा धूर. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून साध्या भट्टीवर जमते. आठवीच्या रसायनशास्त्रातला बराचसा भाग या एका भांड्यात आहे. जाबिर बिन हय्यानच्या नावावर असलेल्या ग्रंथांत हाच नवसागर, नौशादर, वारंवार येतो. कल्हईवाले चाचा आता फारसे दिसत नाहीत. जे आहेत त्यांना शाळेने एका सकाळी बोलवावे, पटांगणात भट्टी लावू द्यावी, मुलांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसवावे आणि चाचांना मानधन द्यावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्याची तरतूद आहे. आपल्या मोहल्ल्याइतके कारागीर कुठल्या इंटरनॅशनल स्कूलला मिळतील?

इथे एक सावधगिरी. मी कारागिराच्या मुलाने कारागीरच व्हावे असे म्हणत नाही. तसे म्हणणारे खूप आहेत आणि त्यांचा हेतू चांगला नसतो. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हातांनी काम करता करता डोके चालते या भरवशावर. वेल्डिंग, वीज, शेती, स्वयंपाकघर या सगळ्यांतून विज्ञान. हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधन सोडून आलेला माणूस खेड्यातल्या पोरांना गवंडी करायला आला नव्हता. बापाच्या हातातले ज्ञान मुलाच्या वहीत समीकरण होऊन उतरावे, एवढेच मला हवे आहे.

मुलींचे वेगळे सांगावे लागते, दुर्दैवाने. जिथे प्रयोग होतात तिथेही मी पाहिले आहे की पक्कड मुलाच्या हातात असते आणि वही मुलीच्या. तो जोडतो, ती लिहिते, कारण तिचे अक्षर चांगले. गट करताना मुलींचे स्वतंत्र गट करा, चष्मा-हातमोजे द्या, ओढणी किंवा हिजाब ज्योतीजवळ लोंबू नये म्हणून पिनेने बांधायला सांगा. हा सुरक्षेचा नियम आहे, पोशाखावरचा वाद नव्हे. तो वाद घालायला टपलेल्या दोन्ही बाजूंच्या लोकांना लॅबच्या बाहेर ठेवा.

‘अपघात झाला तर?’ हा प्रश्न रास्त आहे. पण सहावी ते आठवीच्या प्रयोगांना तीव्र आम्ले लागत नाहीत. हळद, जास्वंद, लिंबू, खायचा सोडा, चुंबक, भिंगे, दीड व्होल्टचे सेल, पाऱ्याऐवजी अल्कोहोलचा तापमापक. बादलीभर पाणी, वाळू आणि शिक्षकाचे लक्ष. जो बाप आठवीतल्या पोराला विनालायसन्स मोटारसायकल देतो त्याने मेणबत्तीला घाबरू नये.

भाषेचा बहाणाही नको. संचाबरोबरची पुस्तिका इंग्रजीत असते हे खरे. पण १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमात, आणि तिथे विज्ञान आणि वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. अनुवादासाठी स्वतंत्र दारुत्तर्जुमा होता. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. शंभर वर्षांपूर्वी जे उर्दूत झाले आणि मराठीत आजही होते, ते एका दहा पानी पुस्तिकेवर अडत नाही. मुलांना ‘निरीक्षण’ आणि ‘मुशाहिदा’ हे दोन्ही शब्द येऊ द्या, बिघडत नाही.

शाळेत जागाच नसेल तर मशिदीचे अंगण आहे. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हा खगोलशास्त्रज्ञ नमाजच्या वेळा ठरवण्याच्या नोकरीवर होता. त्याने तिथे सूर्यघड्याळ बसवले. आपण भिंतीवर छापील तक्ता लावतो आणि मोकळे होतो. अंगणात एक मीटरची काठी उभी करा, मुलांना दर पंधरा मिनिटांनी सावलीचे टोक खडूने खुणावू द्या. सर्वांत आखूड सावली म्हणजे मध्यान्ह. कोकणातले शाफई लोक मध्यान्हीच्या सावलीत काठीएवढी लांबी मिळवून असरची वेळ धरतात, देशावरचे हनफी दुप्पट लांबी मिळवून. दोन्ही वेळा खडूने खुणावल्या, घड्याळात पाहिल्या, आलेख काढला, तर सातवीच्या मुलाला मजहबातला फरकही कळेल आणि मोजमापही. आणखी एक. २८ मेच्या आसपास आपल्याकडे दुपारी पावणेतीनच्या सुमाराला सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर असतो. त्या क्षणी काठीच्या सावलीच्या टोकाकडून काठीकडे पाहिले की किब्ल्याची दिशा मिळते. जुलैच्या मध्याला हे पुन्हा घडते, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, मशिदीला नसते. किती मशिदींची मेहराब काही अंशांनी सरकलेली निघेल, हा वेगळा आणि जरा नाजूक विषय आहे. जबाबदार मंडळींनी आधी मनाची तयारी करून ठेवावी.

मुंबईच्या एम पूर्व वॉर्डात मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआरचा भाग. मुलांना विज्ञान कसे शिकवावे यावर देशातले सर्वांत महत्त्वाचे काम तिथे होते. त्याच वॉर्डात गोवंडीचे शिवाजीनगर आहे, जिथे आपल्या समाजातले हजारो गरीब मुलगे-मुली शिकतात. मध्ये अंतर काही किलोमीटरचे. तिथल्या संस्थाचालकांनी, इमामांनी, नगरसेवकांनी या केंद्राला कधी पत्र लिहिले का, शिक्षकांना चार दिवस पाठवू का म्हणून विचारले का, हे त्यांनी सांगावे. केंद्रानेही आपल्या दारातून बाहेर पाहावे, पण मागणाऱ्याने आधी हात पुढे करायला हवा.

जूनमध्ये शाळा उघडतील. ज्यांच्या संस्थेत लॅब आहे त्यांनी किल्ली सदरांच्या खिशातून काढून विज्ञानाच्या शिक्षकाकडे द्यावी, सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात सलग दोन तास टाकावेत आणि तुटलेल्या सामानासाठी वर्षाला ठरावीक रक्कम अंदाजपत्रकात लिहून ठेवावी. ज्यांच्याकडे लॅब नाही त्यांनी एक खोली किंवा जमातखान्याचा कोपरा द्यावा. पालकांनी मुलाची विज्ञानाची वही उघडावी आणि ‘निरीक्षण’ या शब्दाखाली बोट ठेवून एवढेच विचारावे, बेटा, हे तू पाहिलेस का?